दूध वाढवणारी गोळी : कधी घ्यावी, कधी घेऊ नये

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळचे पेशंट संपत आले होते. तेवढ्यात एक आजी नातीला दुपट्यात गुंडाळून आत आल्या. मागोमाग सून आली, भिंतीला धरत. सिझेरियन होऊन एकवीस दिवस झाले होते. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, हिला दूधच नाही. पोरगी रात्रभर रडते. शेजारच्या सुनेला गोळीने दूध आलं, म्हणून मेडिकलमधून तीच गोळी आणली. आठ दिवस झाले, फरक नाही. अजून जोराची एखादी लिहून द्या."

मी बाळाला काट्यावर ठेवले. जन्माच्या वेळी वजन होते २ किलो ६०० ग्रॅम. आज भरले २ किलो ६५०. मी आईकडे पाहिले, तर तिच्या कपाळावर घाम होता. "छातीत धडधडतं, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते," ती हळूच म्हणाली. मग मी तिची औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली. दूध वाढवायची म्हणून डॉम्पेरिडोनची १० मिलिग्रॅमची गोळी होती, ती दोन-दोन करून दिवसातून तीन वेळा. सिझेरियननंतर आम्लपित्तासाठी दिलेली कॅप्सूल अजून चालू होती, आणि त्या कॅप्सूलमध्येही ३० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोनच होते. म्हणजे दिवसाला एकूण ९० मिलिग्रॅम. त्यातच बाळाच्या तोंडात बुरशी झाली आणि आईच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या, म्हणून कोणीतरी तिला फ्लुकोनॅझोलची गोळीही दिली होती. ही गोळी डॉम्पेरिडोनसोबत घ्यायचीच नसते.

मी त्या दोन्ही औषधांबरोबर ती कॅप्सूलही तिथल्या तिथे बंद केली आणि तिला ई.सी.जी.साठी पाठवले. हृदयाच्या एका ठोक्यानंतर पुढच्या ठोक्याची तयारी होण्यास जो वेळ लागतो, तो तिच्या आलेखात लांबलेला होता. दोन दिवस तिला निगराणीखाली ठेवावे लागले. ती सुखरूप घरी गेली, पण थोडक्यात निभावले.

या घटनेनंतर ठरवले की या सदरात एकदा या गोळीविषयी सविस्तर लिहायचे. कारण आमच्याकडे येणाऱ्या बाळंतिणींपैकी "दूध पुरत नाही" ही तक्रार बहुतेकींची असते, आणि ती ऐकली की गोळी लिहून देणे डॉक्टरलाही सोपे वाटते. हे मी दुसऱ्या कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत अशी तक्रार आली की मेटोक्लोप्रमाइडची गोळी लिहून देत असे. बाळ अंगावर कसे पिते हे पाहायला लागणारी वीस मिनिटे माझ्याजवळ नसत. एके रात्री अशाच एका मातेला तिच्या भावाने उचलून आणले. तिचा जबडा वाकडा झाला होता, मान एका बाजूला ओढली गेली होती, डोळे वर गेले होते. घरच्यांना वाटले बाहेरची बाधा झाली. ती बाधा माझ्या गोळीची होती. इंजेक्शन दिल्यावर तासाभरात ती बरी झाली. मी मात्र ती रात्र विसरलेलो नाही.

दूध तयार कसे होते?

गोळीचे काम समजायचे असेल तर आधी दूध कसे येते ते समजून घ्यावे लागेल.

बाळ स्तन चोखू लागले की त्याचा संदेश आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीपर्यंत जातो. तिथून दोन संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स, रक्तात येतात. पहिले प्रोलॅक्टिन. ते दूध तयार करते. दुसरे ऑक्सिटोसिन. ते तयार झालेले दूध बाहेर सोडते, म्हणजेच पान्हा आणते. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. माणूस अनोळखी असला, मारझोड झाली, तर म्हैस पान्हा चोरते. बाईचेही तसेच आहे. दुखत असेल, भीती असेल, सतत कोणी टोचून बोलत असेल तर स्तनात दूध असूनही पान्हा फुटत नाही. बाळ जवळ असेल, मन शांत असेल, तर नुसत्या त्याच्या रडण्याने झंपर ओला होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्तन रिकामा झाला तरच नवे दूध भराभर तयार होते. दूध साठून राहिले की स्तनातच असे द्रव्य काम करू लागते की निर्मिती मंदावते. विहिरीचा उपसा केला की झरे वाहते राहतात, तसेच हे आहे. बाळाला वरचे दूध पाजले की ते अंगावर कमी पिते; कमी प्याले की दूध कमी तयार होते; दूध कमी झाले की वरचे दूध आणखी वाढते. या चक्रात अडकलेल्या आईला आपल्याला दूधच नाही असे वाटू लागते.

गोळी यातले एकच काम करते. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य प्रोलॅक्टिनला लगाम घालून ठेवते. डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड ही मुळात उलटी-मळमळीची औषधे. ती हा लगाम सैल करतात आणि प्रोलॅक्टिन वाढते. मात्र गोळी बाळाची पकड सुधारत नाही, पान्हा आणत नाही आणि स्तन रिकामाही करत नाही. ही तीन कामे झाली नाहीत तर वाढलेले प्रोलॅक्टिन एकटे फारसे काही करू शकत नाही.

दूध खरोखर कमी आहे का?

बाळ रडते, रात्री सारखे उठते, तासा-दोन तासांनी पिते, स्तन मऊ लागतात, पिळले तर दूध थोडेच निघते, या पाच कारणांवरून घरचे लोक दूध कमी असल्याचा निकाल देतात. यातले एकही कारण खात्रीचे नाही. नवजात बाळाचे दिवसाला आठ ते बारा वेळा पिणे नेहमीचेच आहे. पहिले काही आठवडे गेले की स्तनांचा ताठरपणा कमी होतो. दूध आणि गरज यांचा मेळ बसल्याचे ते लक्षण असते. पहिल्या दिवशी तर बाळाला एका वेळेला चमचाभर चीकच पुरतो. भरपूर दूध उतरायला साधारणपणे दोन ते चार दिवस लागतात. सिझेरियननंतर, मधुमेह असल्यास, किंवा फार थकवणाऱ्या बाळंतपणानंतर एखादा दिवस जास्तही लागतो.

खरी परीक्षा दोन गोष्टींची : लघवी आणि वजन. पाचव्या दिवसानंतर नुसत्या अंगावर पिणाऱ्या बाळाने चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी केली पाहिजे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, पण ते जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरू नये, आणि दोन आठवड्यांत पूर्ववत झाले पाहिजे. त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. बाळाचे वजन असे वाढत असेल तर आईला दूध पुरेसे आहे. मग बाळ कितीही रडो. बाळ पोटदुखीने रडते, ओले झाल्याने रडते, नुसते जवळ घ्यावे म्हणूनही रडते.

वजन करण्यासाठी दवाखान्यातच यायला हवे असे नाही. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात काटा असतो, आशाताईंनाही सांगता येते. मात्र दर वेळी एकाच काट्यावर आणि बाळाला उघडे करून वजन घ्यावे.

गोळीच्या आधी काय पाहायचे?

वजन खरोखरच वाढत नसेल तर मी आता पुढच्या क्रमाने पाहतो.

पहिले, पकड. बाळाचे तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडलेले हवे, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि नुसते स्तनाग्र नव्हे तर भोवतालच्या काळ्या वलयाचा बराचसा भाग तोंडात गेलेला. पाजताना आईला दुखत असेल तर पकड चुकली आहे. स्तनाग्रांना चिरा पडणे म्हणजे बहुधा पकड चुकल्याची खूणच. बाळाच्या जिभेखालचा पडदा फार आखूड असेल तरी पकड जमत नाही. ते डॉक्टरांनी पाहावे.

दुसरे, किती वेळा आणि कधी. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा तरी बाळ लावले पाहिजे. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते. "सुनेला झोप मिळावी" म्हणून रात्री बाटली देणाऱ्या सासूबाईंचा हेतू चांगला असतो, पण नुकसान तिथेच होते.

तिसरे, बाटली आणि बुचाचे बोळे. ते काढून टाकावेत. वरचे दूध द्यावेच लागले तर वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने द्यावे. बोंडले उकळून घेणे मात्र आवश्यक. मध, गुटी, साखरपाणी सहा महिन्यांपर्यंत काहीही नको. मधातून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, आणि चाटण्यांनी पोट भरून बाळ अंगावर कमी पिते.

चौथे, आईची इतर औषधे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, म्हणजे 'माला डी', 'माला एन' यांसारख्या, बाळ लहान असताना घेतल्या तर दूध घटते. सरकारी दवाखान्यात मिळणारी 'छाया' ही गोळी पाजणाऱ्या आईला चालते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, त्यानेही दूध कमी होते. मिश्री लावण्याची सवय असेल तर तंबाखूतले निकोटिन दुधात उतरते. ती सोडायला हवी.

पाचवे, आईची प्रकृती. थायरॉइड कमी असणे, फार रक्तक्षय, वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे, पूर्वी झालेली स्तनाची शस्त्रक्रिया, पाळी अनियमित करणारा पी.सी.ओ.एस. यांनी खरोखरच दूध कमी येऊ शकते. यांतल्या बहुतेक गोष्टी तपासणीत कळतात आणि त्यावर उपाय वेगळा असतो.

यासंदर्भात एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातून एक बाई आली होती. बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला होता, तीन बाटल्या रक्त द्यावे लागले होते. स्तनात दूध उतरलेच नाही, एक थेंबही नाही. दोन महिने तिने निरनिराळ्या गोळ्या घेतल्या. घरात तिला "कोरडी" म्हणत. माझ्याकडे ती बाळाच्या जुलाबासाठी आली होती. तिचा चेहरा फिकट, आवाज मंद, भर उन्हाळ्यात अंगावर स्वेटर. फिजिशियनकडे पाठवून रक्त तपासले, तर थायरॉइडचे आणि कॉर्टिसोलचे प्रमाण फारच खाली गेलेले. अतिरक्तस्रावाने पियुषिका ग्रंथीचाच रक्तपुरवठा तुटतो आणि ती निकामी होते. १९३७ साली शीहान या इंग्रज डॉक्टरांनी याचे वर्णन केले, म्हणून याला शीहानचा आजार म्हणतात. जी ग्रंथी प्रोलॅक्टिन बनवते तीच बंद पडली, तर लगाम सैल करणारी गोळी काय करणार? त्या बाईचा जीव दुसऱ्या औषधांनी वाचला, आणि ती ती औषधे जन्मभर घेणार आहे. म्हणून लक्षात ठेवावे : मोठ्या रक्तस्रावानंतर दूध अजिबातच उतरले नाही तर तो बाईचा दोष नव्हे, ते आजाराचे लक्षण असू शकते. तिला ताबडतोब तपासून घ्यावे.

गोळीने किती फरक पडतो?

आता मुद्द्याच्या प्रश्नाकडे येऊ. डॉम्पेरिडोनचा उपयोग होतो का? होतो, पण लोक समजतात तेवढा नाही. कॅनडात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दिवस भरण्याच्या फार आधी बाळंत झालेल्या ९० माता घेतल्या होत्या. निम्म्या मातांना १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा दिली. निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. दोन आठवड्यांत ज्यांचे दूध निम्म्याने वाढले अशा माता औषधाच्या गटात शेकडा ७८ होत्या, आणि औषध नसलेल्या गटात शेकडा ५८. म्हणजे नियमित दूध काढणे आणि योग्य मार्गदर्शन एवढ्यानेच निम्म्याहून अधिक मातांचे दूध वाढले. गोळीने त्यात काही जणींची भर पडली. मात्र गोळी नियमित दूध काढण्याची जागा घेऊ शकत नाही.

आता धोके पाहू. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही आणि दुधातही फार थोडे उतरते, म्हणून मेटोक्लोप्रमाइडपेक्षा ते बरे. पण हृदयाच्या ठोक्यांचा ताल ते बिघडवू शकते. शिरेतून दिले जाणारे डॉम्पेरिडोन याच कारणासाठी १९८०च्या दशकात बंद झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली स्तनदा मातांनी हे औषध वापरू नये असा इशारा दिला. युरोपात २०१४ साली हे औषध फक्त उलटी-मळमळीपुरते, दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि साधारण एका आठवड्यापर्यंत, असे बंधन घालण्यात आले. तरुण, निरोगी स्त्रीला कमी मात्रेत धोका थोडा असतो हे खरे. पण ज्यांना हृदयविकार आहे, घरात कोणाचा अकस्मात मृत्यू झाला आहे, किंवा जुलाब-उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम उतरले आहे, त्यांच्यासाठी तो थोडा नसतो.

काही औषधांबरोबर तर डॉम्पेरिडोन घेऊच नये : फ्लुकोनॅझोल, केटोकोनॅझोल ही बुरशीवरची औषधे, आणि एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके. यांतली काही औषधे नेमकी पाजणाऱ्या आईलाच लागतात, कधी स्तनाग्राच्या बुरशीसाठी, तर कधी स्तन सुजला म्हणून. आणि आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन मिसळलेले असू शकते हे तर अनेकांना माहीतच नसते. कॅप्सूलच्या पाकिटामागची बारीक अक्षरे वाचावीत, किंवा केमिस्टकडून वाचून घ्यावीत.

मेटोक्लोप्रमाइड मेंदूत शिरते. त्याने मान-जबडा आखडतो, बेचैनी येते, आणि उदासीनता वाढू शकते. फार दिवस घेतल्यास चेहऱ्याच्या व जिभेच्या कायमच्या अनैच्छिक हालचाली जडू शकतात. २००९ साली अमेरिकेत या औषधावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक झाले. बाळंतपणानंतर आधीच काही बायका उदास होतात, विनाकारण रडतात. अशा आईला ही गोळी मी आता देत नाही. लेव्होसल्पिराइड नावाची गोळीही याच कामासाठी लिहिली जाते. तिच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी.

आणखी एक गोष्ट. डॉम्पेरिडोन मोठ्या मात्रेत, पुष्कळ महिने घेऊन एकदम बंद केल्यावर काही मातांना झोप न लागणे, घाबरल्यासारखे होणे, मन खचणे असे त्रास झाल्याची नोंद आहे. म्हणून आपल्या मनाने सुरू करू नये तसे आपल्या मनाने एकदम बंदही करू नये. धडधड, चक्कर असा त्रास झाला तर मात्र पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शतावरी, हळीव, मेथी

वाचक लगेच विचारतील, मग आपली घरगुती औषधे? हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खसखस, बाळंतशेपा, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी हे सगळे बाळंतिणीला खुशाल द्यावे. पाजणाऱ्या आईला रोज साधारण ५०० ते ६०० कॅलरी जादा लागतात. या पदार्थांतून त्या मिळतात, हळीव-बाजरीतून लोहही मिळते, आणि आपल्यासाठी कोणी आवडीने करते आहे या भावनेने पान्हाही लवकर फुटतो. त्यांनी दूध वाढते याचा भक्कम शास्त्रीय पुरावा मात्र आजही तोकडा आहे. शतावरीचेही तसेच, काही छोट्या अभ्यासांत गुण दिसला आहे, पण खात्रीने सांगावे इतका नाही. शतावरी घ्यायची तर नावाजलेली, शुद्ध घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या आईने मेथीच्या पुड्या वा कॅप्सूल जास्त घेऊ नयेत, साखर उतरू शकते.

पाणी तहानेइतके प्यावे. "बाळंतिणीने पाणी कमी प्यावे" ही समजूत चुकीची आहे. आणि तांब्याच्या तांब्या पाणी पिऊन दूध वाढते, हीही चुकीचीच.

मग गोळी कोणाला?

माझ्या अनुभवात गोळीचा खरा उपयोग झाला तो अशा मातांना, ज्यांचे बाळ अंगावर पिऊ शकत नाही. एका मातेचे बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्मले, वजन १ किलो ३०० ग्रॅम. बाळ काचेच्या पेटीत, आई बाहेर बाकावर. ती दिवसातून आठ वेळा हाताने दूध काढत होती, तरी दिवसाचे १२० मिलिलिटरच्या वर जाईना. थायरॉइड तपासले, ई.सी.जी. पाहिला, इतर औषधे विचारली. मग १० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे. दूध २०० मिलिलिटरच्या वर गेले, तेव्हा गोळी हळूहळू कमी करून थांबवली. त्याच काळात बाळाला कांगारूसारखे आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली होती. गुण गोळीचा किती आणि त्या स्पर्शाचा किती, हे मला सांगता येणार नाही.

अशा बाळांसाठी दुसऱ्या मातांचे दूधही उपयोगी पडते. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ज्यांना दूध जास्त येते अशा माता तिथे दूध देतात, ते तपासून व निर्जंतुक करून कमी दिवसांच्या बाळांना दिले जाते. त्यानंतर इतरही रुग्णालयांत अशा पेढ्या निघाल्या. आपल्याजवळ कोठे आहे हे जिल्हा रुग्णालयात विचारावे.

हाताने दूध काढण्याची पद्धत सोपी आहे. हात स्वच्छ धुवावेत. काळ्या वलयाच्या कडेला वर अंगठा आणि खाली बोटे ठेवून आधी छातीकडे दाबावे, मग बोटे व अंगठा एकमेकांकडे दाबून सोडावेत. चोळू नये, ओढू नये. पहिल्या एक-दोन मिनिटांत काहीच आले नाही तरी निराश होऊ नये. पान्हा फुटायला वेळ लागतो. काढलेले दूध झाकून थंड जागी चार तासांपर्यंत चालते. उन्हाळ्यात त्याहून लवकर संपवावे.

त्या आजी-नातीचे काय झाले?

सुरुवातीच्या त्या बाळाकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी मी आईला बाळ लावायला सांगितले आणि शेजारी बसून पाहिले. बाळ नुसते स्तनाग्र धरून होते. आई टाक्यांच्या दुखण्याने वाकून पाजत होती. तिला कुशीवर झोपवून, पाठीशी उशी देऊन बाळ पोटाला पोट लावून घेतले. तिसऱ्या प्रयत्नात मोठा घास गेला, आणि घोट घेतल्याचा आवाज आला. आजींनी तो ऐकला.

मग मी डब्याच्या दुधाबद्दल विचारले. आजी म्हणाल्या, "डबा केवढ्याला येतो तुम्हाला ठाऊक आहे डॉक्टर? दोन चमच्यांच्या जागी एक टाकते, पोट भरल्याशी कारण." बाळाचे वजन का वाढत नव्हते, याचे उत्तर तिथे मिळाले. ते बाळ पातळ पाण्यावर पोट भरून झोपत होते आणि अंगावर कमी पीत होते. मी आजींना रागावलो नाही. त्यांनी पैसे वाचवले ते घरासाठीच. डब्यांची जाहिरात करायला आणि त्यांचे फुकट नमुने वाटायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे. पण शेजारणीच्या तोंडून होणारी जाहिरात कोणता कायदा थांबवणार?

वरचे दूध एकदम बंद केले नाही, कारण बाळ आधीच अशक्त होते. आधी दोन्ही बाजूंना अंगावर पाजायचे, नंतर लागेल तेवढे, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात केलेले दूध वाटी-चमच्याने, आणि त्यानंतर आईने दूध काढायचे. आजींकडे मी दोन कामे दिली : सुनेला रात्री उठून गरम पेज करून देणे, आणि "दूध नाही" हे शब्द घरात कोणाला बोलू न देणे. दुसरे काम त्यांनी इतके चोख केले की भेटायला आलेल्या आत्याबाईंनाही त्यांनी दारातच बजावले.

एका आठवड्याने वजन २ किलो ८५० भरले. वरचे दूध दर दोन-तीन दिवसांनी कमी करत गेलो. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वजन ३ किलो २५० झाले, आणि डबा कपाटात गेला. गोळी एकही नाही.

लक्षात ठेवण्यासारखे

दूध कमी आहे की नाही हे रडण्यावरून नव्हे, लघवी आणि वजनावरून ठरवा.

आधी पकड, मग किती वेळा, मग स्तन रिकामा करणे. गोळीचा विचार त्यानंतर, आणि तोही डॉक्टरांनी तपासल्यावरच.

शेजारणीची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्या.

गोळी चालू असताना छातीत धडधड, चक्कर, अंधारी, जबडा किंवा मान आखडणे, अथवा जीव नकोसा वाटणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाळाला चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, ते सुस्त पडून राहत असेल, किंवा दोन आठवड्यांनंतरही जन्माच्या वजनाला पोहोचले नसेल, तर वाट पाहू नका.

आणि ज्या मातेला सगळे करूनही पूर्ण दूध येत नाही, तिला एवढेच सांगणे की, जेवढे येते तेवढे अंगावर पाजावे, उरलेले वरून द्यावे, आणि मान खाली घालू नये. अंगावर पाजलेले थोडे दूधही बाळाच्या कामी येते. तिच्या घरच्यांनी हा मजकूर तिच्याआधी स्वतः वाचावा.